सड्याखालचा झरा: खाडीकाठच्या एका गावाच्या पाणीयोजनेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील खाडीकाठच्या एका गावात गेल्या काही वर्षांत पिण्याचे पाणी, बागायत आणि शौचालये हे तीन प्रश्न एकमेकांत कसे गुंतले आणि ते सोडवताना कोणते निर्णय घ्यावे लागले, त्याची ही नोंद आहे. गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत, तसेच घरांचे, माणसांचे व पाण्याचे आकडे ठोकळ ठेवले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र घडली तशीच मांडली आहेत.

गावात तीन वाड्या आहेत. खालची वाडी खाडीला लागून असून तिथे माड आणि पोफळीच्या बागा आहेत. मधली वाडी उतारावर आहे आणि वरची वाडी जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर. गावात कायम राहणारी माणसे पाचशेच्या आसपास असली तरी गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात, तेव्हा हा आकडा आठशेवर जातो. वरच्या वाडीत बहुतेक बौद्ध कुटुंबे आहेत. त्यांची वस्ती गावापासून दूर, कातळावर का वसली याचे कारण कोकणात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्या प्रदेशात महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, तिथे पाणवठ्याच्या प्रश्नाकडे केवळ नळ आणि पंपांचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

पाऊस भरपूर पडतो. कोकणपट्टीत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे सड्यावर पडलेल्या पाण्याचा काही भाग भेगांतून आणि नळीसारख्या पोकळ्यांतून खाली मुरतो, जांभ्याच्या तळाशी असलेल्या चिकण मातीच्या थरावर अडतो आणि जिथे उतार हा थर उघडा पाडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. या गावाचा झरा असाच, वरच्या आणि मधल्या वाडीच्या दरम्यान, उताराच्या कुशीत आहे. त्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या एका मातीच्या पाटाने खालच्या वाडीच्या बागांत जात आले आहे आणि पाटाची पाळी कोणत्या वाराला कोणाची, हे तोंडी ठरलेले आहे. मधल्या वाडीच्या बायका याच झऱ्यावर पाणी भरत. वरच्या वाडीला झऱ्याचे पाणी हवे असेल तर उतरून जायचे आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन पुन्हा चढायचे. त्यांची स्वतःची सड्यावरची उथळ विहीर दिवाळीपर्यंत पुरते, फार तर डिसेंबरपर्यंत.

आधीच्या योजनांचे काय झाले

गावाला पाण्याची योजना कधी मिळालीच नाही असे नाही. सुमारे तीन किलोमीटरवरच्या नदीकाठी विहीर, तिथे वीजपंप आणि गावापर्यंत लोखंडी पाइप अशी नळपाणी योजना पूर्वी झाली होती. विजेचे बिल थकले, जोडणी तुटली, आणि पुन्हा जोडली तेव्हा पाइप जागोजागी गळू लागलेले आढळले. जांभ्यातून आलेले पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते व असे पाणी लोखंडी पाइप आतून खाते, ही गोष्ट त्या वेळी कोणी विचारात घेतली नव्हती. त्यानंतर खाडीजवळ एक विंधनविहीर मारली, तिला पहिली दोन वर्षे गोडे पाणी होते, मग उन्हाळ्यात ते मचूळ लागू लागले. किनाऱ्याजवळ गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी धरून राहते, आणि म्हणून उपशाने ती पातळी थोडी जरी खाली आली तरी खालचे खारे पाणी तिच्या कितीतरी पट वर सरकते. हातपंपाचा दांडा आज गंजून उभा आहे.

मार्चअखेरीपासून वरच्या वाडीला टँकर येत असे. तो सड्यावरच्या सिमेंटच्या टाकीत पाणी ओतून जाई आणि ज्या दिवशी येत नसे त्या दिवशी शाळेतल्या मुली उशिरा पोहोचत.

प्रश्न नेमका कोणता होता

जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. प्रत्येक ग्रामीण घराला नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे तिचे उद्दिष्ट आहे. गावाची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती नव्याने बसली तेव्हा पहिल्याच सभेत प्रत्येक वाडीने आपापला प्रश्न मांडला आणि ते प्रश्न एकमेकांशी जुळत नव्हते. वरच्या वाडीला पाणीच हवे होते. मधल्या वाडीला पावसाच्या सुरुवातीला दरवर्षी जुलाबाची आणि एखाद्या वर्षी कावीळीची साथ येई, तिला स्वच्छ पाणी हवे होते. खालच्या वाडीच्या बागायतदारांचे म्हणणे एवढेच, की पाटाला हात लावू नका.

या तिन्हींच्या मुळाशी एक समजूत होती आणि ती सगळ्यांनी धरून ठेवली होती: झऱ्याचे पाणी सर्वांना पुरणार नाही. ही समजूत कोणी कधी मोजून पाहिली नव्हती. समितीचे पुढचे सगळे काम या एका वाक्याची परीक्षा घेण्यातून उभे राहिले, असे मला आज वाटते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय तालुक्याच्या मोठ्या प्रादेशिक योजनेत सामील होण्याचा होता. कागदावर तो सर्वांत सोपा, कारण स्रोताची चिंता गावाची राहत नाही. पण ज्या गावांना अशा योजनेतून पाणी मिळत होते तिथे समितीचे सदस्य स्वतः जाऊन आले आणि शेवटच्या टोकाच्या गावाला उन्हाळ्यात काय मिळते हे त्यांनी बायकांना विचारले. आपले गाव त्या वाहिनीच्या शेवटच्या टोकालाच येणार होते.

दुसरा पर्याय नव्या विंधनविहिरीचा. ठेकेदारांचा कल इकडे होता, कारण काम लवकर उरकते. खाडीकडे मचूळ पाण्याचा अनुभव ताजा होता आणि सड्यावर भोक पाडून चिकण मातीचा थर भेदला तर झऱ्याकडे जाणारे पाणीच खाली गळून जाण्याची शक्यता होती. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांनीही स्थळ पाहून झऱ्याच्या वरच्या अंगाला खोल विंधन घेऊ नये असेच सुचवले.

पऱ्यावर, म्हणजे गावातल्या ओढ्यावर, कच्चे बंधारे घालण्याची कल्पना तरुणांची होती. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घातलेला वनराई बंधारा स्वस्तात होतो आणि खालच्या विहिरींना त्याचा नक्की उपयोग होतो. तो पुढे केलाही. मात्र पिण्याच्या पाण्याची सोय म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही, कारण मेपर्यंत पऱ्या कोरडा पडतो. सड्यावर चर खणून पाणी जिरवावे असेही एकाने सुचवले होते. उघड्या कातळात चर म्हणजे यंत्राने दगड फोडणे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पे कुठे असतील हे सांगता येत नाही. त्यामुळे ती सूचना मागे पडली, याचे मला समाधान आहे.

छपराचे पाणी साठवण्याचा पर्याय सभेत फार लवकर बाजूला सारला गेला. शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावर तीन हजार मिलिमीटर पावसाने तीन लाख लिटर पाणी पडते, गळती धरूनही दोन लाखांच्या वर हाती येते. अडचण साठवणीची आहे. पाच माणसांना फक्त पिण्यास आणि स्वयंपाकास दिवसाला चाळीस लिटर धरले तरी डिसेंबर ते मे या सहा महिन्यांना सात हजार लिटरहून अधिक क्षमतेची बंद टाकी लागते, आणि तिचा खर्च वरच्या वाडीतल्या मजुरी करणाऱ्या घराला झेपणारा नव्हता. तरीही या पर्यायाला आणखी वेळ द्यायला हवा होता, त्याकडे शेवटी येतो.

उरला झरा. त्याच्या विरोधात दोन गोष्टी होत्या: तो वरच्या वाडीच्या खाली होता, आणि तो पुरणार नाही अशी सर्वांची खात्री होती.

मोजणीसाठी थांबण्याचा निर्णय

पहिला खरा निर्णयाचा क्षण इथे आला. आराखडा तातडीने द्या, निधी मार्चअखेर परत जाईल, असा वरून आग्रह होता. समितीच्या सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया होत्या आणि मधल्या वाडीतल्या एका वहिनींनी आग्रह धरला की, झरा मे महिन्यात किती वाहतो हे पाहिल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करायची नाही. सरपंच ताईंनी त्यांची बाजू घेतली. एक पूर्ण मोसम मोजणी करण्याचा ठराव ग्रामसभेत झाला आणि त्यामुळे योजना एक वर्ष लांबली. यावरून समितीला बोलणी खावी लागली, वरच्या वाडीकडून तर रास्तच, कारण त्यांना आणखी एक उन्हाळा टँकरवर काढायचा होता.

मोजणीची पद्धत साधी होती. झऱ्याच्या तोंडाशी दगड-मातीचा छोटा बांध घालून सगळे पाणी एका पाइपातून सोडले, खाली १५ लिटरची बादली धरली आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजले. दर रविवारी सकाळी, तीनदा मोजून सरासरी. हे काम आठवी-नववीतल्या तीन मुलांनी केले आणि आकडे शाळेच्या फळ्यावर लिहिले जात, म्हणजे सगळ्या गावाला दिसत. डिसेंबरात बादली इतक्या लवकर भरे की तिच्याऐवजी २०० लिटरचा पिंप लावावा लागला. तो दीड मिनिटात भरत होता. मार्चनंतर पुन्हा बादली आली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे सर्वांत ओढीच्या काळात, ती अर्ध्या मिनिटात भरली.

अर्ध्या मिनिटाला १५ लिटर म्हणजे मिनिटाला ३० लिटर, म्हणजे चोवीस तासांत ४३,२०० लिटर. गावातल्या पाचशे माणसांना दरडोई ५५ लिटरप्रमाणे लागतात २७,५०० लिटर. फळ्यावर हा हिशोब मांडला गेला तेव्हा बागायतदारांपैकी एका काकांनी तो दोनदा पुन्हा करून पाहिला. पाणी होते. रात्रीचे आठ-दहा तास ते साठवले जात नव्हते, मातीच्या पाटात त्यातले बरेच झिरपून जात होते, आणि माडांच्या आळ्यांत एकदम सोडल्यामुळे मुळांच्या खालीही निघून जात होते. ठरावाने जे झाले नसते ते या हिशोबाने झाले: पाणी कोणाचे, या वादाची जागा कोणत्या वेळी किती पाणी कुठे, या चर्चेने घेतली.

दूषित पाण्याचा माग

पाणी पुरेसे आहे हे कळले, पण ते पिण्याजोगे नव्हते. जीवाणू तपासणीच्या छोट्या बाटल्या असतात, त्यांत पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले तर विष्ठेतून आलेल्या दूषणाची शक्यता समजावी. शाळेच्या खिडकीत ओळीने ठेवलेल्या बाटल्यांपैकी झऱ्याच्या पाण्याची बाटली जानेवारीत स्वच्छ राहिली आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या सकाळी शाईसारखी काळी झाली. जिल्हा प्रयोगशाळेच्या अहवालाने त्याला दुजोरा दिला.

आता गावातला सर्वांत नाजूक प्रसंग उभा राहिला. झऱ्याच्या वर वरची वाडी आहे, स्वच्छ भारत अभियानात तिथे घरोघर शौचालये झाली, तेव्हा दोष त्यांच्या शोषखड्ड्यांचा, असे खालच्या दोन वाड्यांत उघड बोलले जाऊ लागले. काहींनी तर त्या वाडीची शौचालये बंद करावीत असे सुचवले. वरच्या वाडीतल्या एका आजींनी भर सभेत विचारले, आमच्या अंगणातून मुरलेले पाणी तुम्ही इतकी वर्षे प्यायलात तेव्हा ते गोड होते, आणि आज आम्हाला नळ द्यायची वेळ आली तेव्हाच ते नासले का? या प्रश्नाला सभेत कोणी उत्तर दिले नाही. समितीने ठरवले की तपासणी झाल्याशिवाय कोणाकडेही बोट दाखवायचे नाही.

तपासणी मिठाने केली. झऱ्याच्या बरोबर वर, सड्यावर, एक सोडून दिलेली चिरेखाण आहे. चिरे काढताना जांभ्याचा कठीण वरचा थर निघून गेल्यामुळे पावसाचे पाणी तिथे थेट आत शिरते. त्या खाणीत कचरा टाकला जाई, गुरे बसत, आणि शेजारी नव्याने बांधलेल्या एका बंगल्याच्या सेप्टिक टाकीचे सांडपाणी पाइपाने तिथेच सोडलेले आढळले. ऑक्टोबरात एक पोते मीठ पाण्यात विरघळवून खाणीच्या तळाशी ओतले आणि झऱ्यावर क्षारमापक मीटर घेऊन मुले बसली. झऱ्याच्या पाण्यात एरवी लिटरला सुमारे ६० मिलिग्रॅम क्षार असत. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर १५० च्या पुढे गेला आणि संध्याकाळपर्यंत उतरू लागला. खाणीतले पाणी एका दिवसात झऱ्याला पोहोचत होते. वरच्या वाडीच्या खड्ड्यांशी हाच प्रयोग केला तेव्हा आठवडाभर मीटर हलला नाही.

म्हणून वरच्या वाडीचा काही संबंध नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरले असते. मीटर न हलणे याचा अर्थ जलद वाट नाही एवढाच. तिथले बरेच खड्डे लवकर भरू नयेत म्हणून आठ-दहा फूट खोल खणले होते, आणि जांभ्यात खड्डा जितका खोल तितके मैलापाणी गाळले जाण्यासाठी लागणारे मातीचे अंतर कमी होते. शोषखड्डा पाण्याच्या स्रोतापासून अमुक मीटर दूर ठेवावा असे जे सर्वसाधारण नियम आहेत ते मातीच्या जमिनीसाठी आहेत; भेगाळलेल्या दगडात त्यांच्यावर विसंबता येत नाही.

पुढचा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खड्डे बदलण्याचा खर्च त्या त्या घराने करावा असा एक प्रस्ताव होता. समितीने तो नाकारला आणि हा खर्च पाणीयोजनेचाच भाग मानला, कारण खड्डा वरच्या घराचा असला तरी त्याचा फायदा खालच्या नळाला होणार होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, त्यातून ही रक्कम दिली गेली. प्रत्येक शौचालयाला उथळ दोन खड्डे, मध्ये मैला हव्या त्या खड्ड्याकडे वळवणारा वाय चेंबर, तळ सिमेंटने बंद आणि भोवती अर्धा मीटर जाडीचे वाळूचे वेष्टण अशी रचना केली. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिल्यातला मैला दोन वर्षे कुजू द्यायचा. बंगल्याच्या मालकांशी तीन बैठका झाल्या. त्यांनी आपला पाइप उताराच्या दुसऱ्या बाजूला वळवला. खाण साफ करून तिला कुंपण घातले.

पाटाची पाळी आणि सातबारा

बागायतदारांशी झालेली बोलणी लांबली. त्यांची भीती खोटी नव्हती. माडाला थोडे मचूळ पाणी चालते, पोफळीला चालत नाही, आणि उन्हाळ्यात गोडे पाणी तुटले तर पोफळ वाळते. तोडगा यातूनच निघाला. माडांचे शिपणे खालच्या वाडीच्या विहिरींवर न्यायचे आणि झऱ्याचे जे पाणी उरेल ते फक्त पोफळींना, तेही ठिबकने. सुमारे सहाशे पोफळींना दिवसाला प्रत्येकी पंधरा लिटर धरले तर ९,००० लिटर लागतात. ठिबकसाठी अनुदानाचे अर्ज झाले, पाट बंद करून त्याच्या जागी पाइप टाकला, आणि जुन्या पाळ्या वार तसेच ठेवून लेखी केल्या. वार तसेच ठेवणे ही लहान गोष्ट वाटेल, पण पाळी हा घराण्याचा मान असतो आणि तो कायम राहतो हे पाहून दोन आडून बसलेली घरे राजी झाली.

मे महिना वेगळा हाताळावा लागला. आठशे माणसांना ५५ लिटरने ४४,००० लिटर लागतात, म्हणजे झऱ्याचे सगळे पाणी घेऊनही थोडे कमीच पडते. तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस पडेपर्यंत खालच्या वाडीने धुणे-आंघोळीला आपल्या विहिरींचे पाणी वापरायचे आणि नळाने दरडोई २० लिटरच घ्यायचे, असे ठरले. या हिशोबाने गावाची गरज बत्तीस हजार लिटरच्या आत येते आणि पोफळींचे नऊ हजार लिटर सुटतात.

जमिनीचा प्रश्न कोकणात कुठेही सुटा नसतो. साठवण टाकीसाठी झऱ्यालगतची जी जागा सर्वांत योग्य होती तिच्या सातबाऱ्यावर वीसहून अधिक सहहिस्सेदार होते. काही हयात नव्हते, वारसनोंदी झालेल्या नव्हत्या, आणि काहींचा पत्ता मुंबईतल्या नातेवाइकांनाही नव्हता. सर्वांची संमतीपत्रे मिळवायला किती काळ लागेल हे कोणी सांगू शकत नव्हते. समितीपुढे दोन वाटा होत्या: तोंडी होकारावर काम सुरू करायचे, किंवा टाकी हलवायची. तोंडी होकारावर उभ्या राहिलेल्या टाक्यांचे पुढे कोर्टात काय होते ते शेजारच्या गावात सर्वांनी पाहिले होते. टाकी उताराने चाळीस मीटर पुढे, चारच हिस्सेदार असलेल्या जागेत हलवली आणि रीतसर बक्षीसपत्र करून घेतले. उंचीचा तीन मीटर दाब गेला, पण मधल्या वाडीची दोन घरे वगळता कोणाला फरक पडला नाही, आणि त्या दोन घरांना जाड पाइप टाकून दिला.

याच सुमारास एका बागायतदाराने झऱ्यापासून जवळच स्वतःची विंधनविहीर मारण्याचा घाट घातला. १९९३ च्या भूजल कायद्यापासूनच सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर बंधन आहे, हे ग्रामसेवकांनी त्यांना कागद दाखवून सांगितले. त्याआधी गावातल्या वडीलधाऱ्यांनी घरी जाऊन बोलणे केले होते, आणि माझ्या मते काम त्यानेच झाले.

बांधकाम आणि नियम

झऱ्याच्या तोंडाशी बंदिस्त कुंड, त्याखाली २०,००० लिटरची टाकी, तिथून मधल्या आणि खालच्या वाडीला उताराने पाणी. वरच्या वाडीसाठी सौरपंप आणि सड्यावर १०,००० लिटरची टाकी. सौरपंप पावसाळ्यात नीट चालत नाही हा आक्षेप आला होता, पण पावसाळ्यात वरच्या वाडीची स्वतःची विहीर तुडुंब असते आणि पंपाची खरी गरज ऑक्टोबर ते मे, म्हणजे ऊन असतानाच लागते. विजेच्या बिलाने मेलेली जुनी योजना सर्वांच्या डोळ्यांपुढे होती. पाइप सगळे प्लास्टिकचे, लोखंडी एकही नाही.

पाणी शुद्धीकरणासाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात. तिच्यात ३३ टक्के क्लोरीन असेल तर दहा हजार लिटरला ३० ग्रॅम पावडरीने लिटरला १ मिलिग्रॅम मात्रा मिळते आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. कोकणच्या दमट हवेत उघडे पोते एका पावसाळ्यात निकामी होते, म्हणून पोत्याऐवजी छोटी हवाबंद पाकिटे घेण्याचा नियम जलसुरक्षकाने केला. जलसुरक्षक म्हणून वरच्या वाडीतल्या एका तरुणीची नेमणूक झाली. झडपांच्या किल्ल्या तिच्याकडे आहेत, आणि गावाच्या पाण्याची किल्ली त्या वाडीकडे असणे याला जो अर्थ आहे तो गावाने पहिल्या काही महिन्यांत कुरकुरत आणि मग सवयीने स्वीकारला.

पाणीपट्टी ठरवताना बंद घरांचा प्रश्न आला. वर्षातून महिनाभर उघडणाऱ्या घरांनी पूर्ण पट्टी का द्यावी? चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाच्या बैठकीत यावर दोन तास खल झाला. शेवटी बंद घरांना अर्धी पट्टी, मात्र वर्षाची आगाऊ, असे ठरले. याचा दुहेरी फायदा झाला, कारण मे महिन्यातला जादा वापर त्याच घरांचा असतो आणि पैसे तो सुरू होण्याआधी जमा होतात.

काय साधले, काय राहिले

वरच्या वाडीला टँकर लागणे बंद झाले. नळ सकाळी एक तास आणि संध्याकाळी अर्धा तास येतो. पावसाच्या तोंडावर होणाऱ्या तपासणीत टाकीतल्या पाण्याची बाटली त्यानंतर काळी पडलेली नाही. कुंडातल्या, म्हणजे औषध घालण्याआधीच्या पाण्याची बाटली एका जूनमध्ये पुन्हा काळी पडली, आणि खाणीच्या कुंपणाजवळ पुन्हा कचरा पडल्याचे त्यातून कळले. तपासणी दोन ठिकाणी ठेवल्यामुळेच हे लक्षात आले.

ठिबक सगळीकडे टिकले नाही. जांभ्याच्या पाण्यातले लोह साचून नळ्यांची तोंडे बुजतात आणि ती साफ करायला घरात माणूस नसेल तर पोफळ तहानलेली राहते. दोन बागांनी जुन्या पद्धतीने आळ्यांत पाणी सोडणे पुन्हा सुरू केले आहे आणि त्यांच्या पाळीच्या वारी टाकीची पातळी खाली येते. मे महिन्याचा २० लिटरचा नियम पहिल्या वर्षी पाळला गेला, दुसऱ्या वर्षी लग्नसराईत मोडला. तेव्हा जलसुरक्षकाने झडप बंद केली आणि त्यावरून झालेल्या भांडणात समितीने तिची बाजू लेखी ठरावाने घेतली.

पुन्हा करायचे झाल्यास

मोजणीसाठी थांबणे योग्यच होते, पण त्या वर्षाचा भार सगळा वरच्या वाडीने उचलला. थांबण्याचा ठराव करतानाच त्या उन्हाळ्यापुरती काही सोय, उदाहरणार्थ शाळेच्या आणि समाजमंदिराच्या छपरांवर पाणी धरून सामायिक बंद टाक्या, त्याच ठरावात मंजूर करता आली असती. घरगुती टाकी परवडत नाही म्हणून छपराच्या पाण्याचा विचार सोडून दिला गेला; सार्वजनिक इमारतींचा विचार कोणी केला नाही.

शौचालयांची तपासणी पाणीयोजनेच्या आराखड्याच्या आधी व्हायला हवी. खड्डे खणले जात असतानाच त्यांची खोली कोणी पाहिली असती तर दोनदा खर्च झाला नसता आणि सभेत जे बोलले गेले ते बोलण्याची वेळ आली नसती. सड्यावरच्या कोणत्याही झऱ्याच्या बाबतीत त्याच्या माथ्यावरच्या चिरेखाणी, गोठे आणि सेप्टिक टाक्या यांचा नकाशा प्रथम करावा, आणि मिठाचा प्रयोग पावसाळा संपता संपता, झरा चांगला वाहत असताना करावा.

ठिबकची देखभाल बागायतदारांवर सोडण्याऐवजी गाळणी एकाच ठिकाणी, टाकीच्या तोंडाशी बसवणे अधिक बरे झाले असते. तो प्रस्ताव आता समितीपुढे आहे. सौरपंप बदलावा लागेल तेव्हाच्या खर्चासाठी पाणीपट्टीतून वेगळी रक्कम बाजूला टाकायची की नाही, यावर मात्र अजून एकमत नाही: मुंबई मंडळ म्हणते, वेळ आली की वर्गणी काढू, वरच्या वाडीचे म्हणणे असे, की पंप बंद पडेल तेव्हा वर्गणी जमेपर्यंत हंडे त्यांनाच वाहावे लागतील, म्हणून पैसे आत्ताच बाजूला टाका. पुढच्या ग्रामसभेत हा विषय पहिला आहे.